तिसरा सिलिंडर

कारखान्याच्या जुन्या खतावणीत
उजवीकडची पानं कोरी राहिली होती,
तिथेच लिहायला घेतलंय.
डावीकडे टॉवेलांची येणी, अठ्ठ्याण्णव सालची,
हैदराबादच्या कुण्या पार्टीने बुडवलेली;
उजवीकडे माझ्या अक्षरात:
इंजिन उतरवणे. बोल्ट चार.

चारच.
एवढं धूड चार बोल्टांवर टांगलेलं असतं
हे वाचलं त्या रात्री
मला नीट झोप लागली नाही.

गाडी वडिलांची नाही, मामांची नाही.
विजापूर रोडच्या एका दंतवैद्याकडून
मी विकत घेतली, माझ्या फंडातून.
धाकट्या जावेने एवढंच विचारलं,
एसी आहे का?

एसी नाही. रेडिएटरही नाही.
पाणी लागतच नाही तिला, थेंबभरही.
नळाला पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात
मला हा गुण वाटला.
राजेशम म्हणाले, "वाऱ्यावर थंड होतंय म्हणता,
पण वाराच त्रेचाळीसचा असला तर ओ?"

राजेशम गज्जम. यंत्रमागाचे जॉबर.
चाळीस वर्षं धोट्याच्या आवाजावरून सांगत आले
कुठल्या मागाचं काय सैल झालंय.
परवा आले, पुढचं झाकण उघडलं.
आत स्टेपनी.
हसले नाहीत. मागे गेले,
कान लावला, डोळे मिटले.
"तीन बोलतायत. एक नुसती मान हलवतंय."

मग लष्करातल्या एका पोराकडून गेज उसना आणला.
एकशे दहा. एकशे पाच. साठ. एकशे आठ.
साठवाला तिसरा.
त्याच्या वाटेत ऑइल कूलर उभा असतो,
त्याला मिळतो तो वारा आधीच तापलेला.
लहानपणी पत्र्याच्या खोलीत
मी ज्या कोपऱ्यात झोपायचे
तिथे पंख्याचा वारा असाच यायचा,
सगळ्यांना लागून झालेला.

म्हणून उघडायचं.
रिंगा पुण्याहून. क्रँक मोजायला
एमआयडीसीत रेवणसिद्ध मेस्त्रींकडे,
जे फोनवर "आधी मोजू, मग बोलू" एवढंच बोलतात.
रकमा पेन्सिलीने.
व्हॉल्व्ह आठ, त्यांच्यापुढे प्रश्नचिन्हं तीन.

फ्लायव्हीलचा नट छत्तीसचा.
पुस्तकात त्याचा पीळ दिलाय:
तीस किलो, एक मीटर लांबीवर.
माझं वजन बावन्न.
दोनदा हिशेब केला.
मीटरभर पाईप, टोकाला मी.
जमेल.
एकोणतीस वर्षांच्या नोकरीत
माझ्या वजनाची नोंद
कुठल्याच ताळेबंदात जमेला आली नव्हती.

डागी माल म्हणून टाकलेली एक चादर आणलीय,
चौकड्यांची, एका कडेला ताणा तुटलेला.
शेडात अंथरायची,
एका चौकडीत एक वस्तू,
ज्या क्रमाने निघेल, ज्या तोंडाने निघेल, तशीच.
"खोलायला कुणीपण खोलतंय, बाई," राजेशम म्हणाले,
"बांधायला आठवण लागती."
थोडं थांबून,
"आणि आठवणीवर जाऊ नका. खडूनं लिवा."

तारीख राहिली होती.
बुधवारी रात्री दोनला पाणी येणार,
म्हणजे गुरुवार पेंगण्यात जाणार.
शुक्रवार लिहिला.

मग चादरीचं चित्र काढलं, चौकड्यांना आकडे दिले,
आणि शेवटच्या चौकडीत काहीच लिहिलं नाही.
सगळं परत बसल्यावरही
एखादा वॉशर हातात उरतो म्हणतात.
त्याला जागा असावी.